तुमचं ओल्ड, त्यांचं गोल्ड!

ऑफिसात नवा लॅपटॉप मिळाला की आपण एकदम खूश! जुना आयटीवाल्याकडे जमा केला, फॉर्मवर सही ठोकली, विषय संपला. पण तो जुना लॅपटॉप पुढे जातो कुठे, हे कधी विचारलंय?

बहुतेकदा स्टोअररूममध्ये धूळ खातो, नाहीतर लॉटमध्ये भंगारात जातो. त्याच शहरात एखादी एनजीओ दोन खोल्यांच्या ऑफिसात एकाच पीसीवर हिशेब, देणगीच्या पावत्या आणि मुलांच्या याद्या सांभाळत असते. वसईकडच्या एखाद्या चर्चचं ऑफिस घ्या. बाप्तिस्म्याचे दाखले, लग्नाच्या नोंदी, रविवारचं पत्रक, सगळं एका मशीनवर. ते बसलं की काम ठप्प!

पैसे का नसतात? देणगीदाराला वह्या, औषधं, शिष्यवृत्ती द्यायला आवडतं. ऑफिसचा कम्प्युटर म्हणजे त्याच्या लेखी ‘वरखर्च’. मग संस्था सेकंडहँड माल शोधत लॅमिंग्टन रोड गाठतात किंवा कुणी दिलेलं मशीन रेटत राहतात.

विंडोजचा लोचा

विंडोज 10 चा नेहमीचा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. इंटेलचे साधारण 2017 च्या आधीचे प्रोसेसर त्यात बसत नाहीत. कंपन्या अशी मशीन काढून टाकतात. संस्थेने ती तशीच वापरली, तर सिक्युरिटी अपडेट नाहीत. समुपदेशन केंद्राच्या पीसीवर मारहाण सोसलेल्या बाईचा पत्ता असतो. तो फुटला तर?

यावर उपाय आहे. त्याच मशीनवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाका, सोबत लिब्रेऑफिस. सगळं फुकट, अपडेटही चालू. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवली की म्हातारा पीसी पळायला लागतो. विंडोजच हवं असेल, तर नोंदणीकृत संस्थांसाठी मायक्रोसॉफ्टच्या खास सवलती आहेत. 1987 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘कॉम्प्युमेंटर’ नावाने सुरू झालेली ‘टेकसूप’ नेमकं हेच काम करते: संस्थेची कागदपत्रं तपासायची आणि नाममात्र शुल्कात सॉफ्टवेअर मिळवून द्यायचं. चर्चने मात्र नियम आधी वाचावेत. नुसतं प्रार्थनास्थळ म्हणून प्रत्येक कंपनी सवलत देतेच असं नाही.

सीएसआरचा फंडा

‘आमच्या कंपनीचं सीएसआर आहे की!’ असं म्हणाल. पण थांबा. जुन्या लॅपटॉपची किंमत लावून ती सीएसआर खर्चात दाखवता येत नाही. कायद्याला प्रत्यक्ष खर्च हवा असतो. म्हणून जुनं मशीन दान करण्यात अकाउंट्सवाल्यांना फारसा रस नसतो. नव्या मशीनसाठी सीएसआरचा पैसा हवा, तर संस्थेकडे 12ए आणि 80जी सोबत सीएसआर-1 नोंदणीही लागते. ती 1 एप्रिल 2021 पासून सक्तीची आहे. धर्मकार्य सीएसआरमध्ये बसत नाही. चर्चशी जोडलेला ट्रस्ट सर्वांसाठी अभ्यासिका चालवत असेल, तर गोष्ट वेगळी.

म्हणजे जुनं मशीन संस्थेपर्यंत पोचवायला ऑफिसातल्याच कुणीतरी पाठपुरावा करावा लागतो. तो कुणीतरी तुम्हीच का नाही?

द्यायचाय? मग एवढं बघा

- आधी फोन करा. काय हवंय ते संस्थेलाच विचारा. दहा मॉनिटर नेऊन टाकले आणि त्यांना हवा होता एक प्रिंटर, असं नको.
- डेटा नीट पुसा. नुसतं फॉरमॅट केलं म्हणजे फाइल्स कायमच्या गेल्या असं नव्हे.
- कंपनीचं लॉक आणि बायोस पासवर्ड काढून घ्या. नाहीतर तो लॅपटॉप म्हणजे नुसता पेपरवेट!
- चार्जर द्या, बॅटरी तपासा.
- सीरियल नंबरसकट देणगीपत्र करा.
- बंद पडलेली मशीन संस्थेच्या गळ्यात मारू नका. 2022 च्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या ऑफिसांनी ती नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर किंवा रिसायकलरकडेच द्यायची असतात. संस्थेकडे ढकललेलं भंगार उचलायचा खर्च शेवटी तिलाच पडतो.

आणि सगळ्यात मोलाची गोष्ट? लॅपटॉपसोबत तुमचे दोन शनिवार द्या. लिनक्स टाकून द्या, बॅकअप कसा घ्यायचा ते तिथल्या ताईंना शिकवा, अडलं तर फोन करायला नंबर ठेवा. मशीन एकदाच द्यायचं असतं, पण ते बिघडतं पुन्हा पुन्हा. तेव्हा फोन उचलणारा माणूस संस्थेला कुठल्याच बाजारात सेकंडहँड मिळत नाही, बॉस!