पेढीची फाइल कोणत्या वाटेने पाठवावी?

बँकेकडून किंवा माल घेणाऱ्या एखाद्या मोठ्या कंपनीकडून पत्र येते : यापुढे देयकांची फाइल ई-मेलने स्वीकारली जाणार नाही; एसएफटीपी अथवा एएस२ यांपैकी एक व्यवस्था करून कळवावे. ते पत्र घरातील संगणक जाणणाऱ्या मुलाकडे जाते, तो ते सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या हाती देतो, आणि ज्यांच्या सहीने पेढीचे पैसे बाहेर जातात ते वडीलधारे या निर्णयापासून दूरच राहतात. हे योग्य नव्हे. फाइल वाटेत कोणी वाचणार नाही ना, ती आपणच पाठवली हे समोरच्याने कसे ओळखावे आणि पोहोचल्याची पोच काय, हे येथील खरे प्रश्न आहेत. आणि ते व्यापाऱ्याचे प्रश्न आहेत.

आपल्या वाडवडिलांना ते परके नव्हते. शाहजोग हुंडीची रक्कम बाजारात पत असलेल्या शाहाच्याच हाती पडत असे. हुंडी वाटेत हरवली तर पेठ लिहून दिली जाई आणि तीही गहाळ झाली तर परपेठ. बँकांतही तारेने रक्कम पाठवताना मजकुरात एक सांकेतिक आकडा घालावा लागे आणि तो जुळल्याखेरीज दुसरी शाखा पैसे देत नसे. तार पोहोचणे आणि तार खरी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तेथे रुजू होताच शिकवले जाई.

संगणकांच्या जगात फाइल पाठवण्याची पहिली सर्वमान्य रीत म्हणजे एफटीपी. तिचा मूळ आराखडा १९७१ च्या एप्रिल महिन्यात अभय भूषण यांनी लिहिला. ते कानपूरच्या आयआयटीचे विद्यार्थी आणि त्या वेळी अमेरिकेतील एमआयटीमध्ये होते. तेव्हाचे जाळे मोजक्या विद्यापीठांचे आणि संशोधन-संस्थांचे, एकमेकांना ओळखणाऱ्यांचे. त्यामुळे या रीतीत नाव, परवलीचा शब्द आणि फाइल हे सारे उघड्या पोस्टकार्डासारखे जाते. वाटेतील कोणीही वाचू शकतो. प्रमुख ब्राउझरांनी २०२१ मध्ये एफटीपीचा आधार काढून घेतला. तरीही काही कार्यालयांत ती अजून चालू असते, कारण 'चालते आहे ना' यापलीकडे कोणी पाहिलेले नसते.

तिच्यावर दोन दिशांनी उपाय झाले, आणि नावांच्या साम्यामुळे ते दोन्ही एकच समजले जातात. एफटीपीएस म्हणजे जुन्या एफटीपीवरच कुलूपबंद आवरण. बँकेचे संकेतस्थळ उघडताना जे आवरण असते त्याच जातीचे. ते सुरक्षित आहे, पण आज्ञांसाठी एक दार आणि फाइलसाठी दर वेळी दुसरे दार, ही जुनी सवय त्यात कायम राहिली. परिणामी कार्यालयाच्या फायरवॉलमध्ये पुष्कळ दारे उघडी ठेवावी लागतात आणि नेमके महिनाअखेरीस काहीतरी अडते.

एसएफटीपीचे कूळ वेगळे. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कोणीतरी जाळ्यावर कान लावून परवलीचे शब्द चोरले. त्यानंतर तेथील संशोधक टाटू यलोनेन यांनी एसएसएच ही व्यवस्था तयार केली. एसएफटीपी तिच्याच आश्रयाने चालते. सारा व्यवहार एकाच दारातून, बहुधा २२ क्रमांकाच्या, आणि आरंभापासून अखेरपर्यंत गुप्त लिपीत होतो. शिवाय परवलीच्या शब्दाऐवजी किल्लीची जोडी वापरता येते. सार्वजनिक किल्ली बँकेला द्यायची, खासगी किल्ली आपल्या संगणकावर राखायची. सार्वजनिक किल्ली म्हणजे बँकेच्या दाराला बसवलेले आपले कुलूप समजा. ते कोणी पाहिले तरी बिघडत नाही. खासगी किल्ली मात्र तिजोरीच्या किल्लीइतकी जपावी.

येथे एका जागी घाई होते. पहिल्यांदा जोडणी करताना संगणक एक लांब आकडा दाखवून विचारतो : या सर्व्हरवर विश्वास ठेवायचा का? तो आकडा म्हणजे समोरच्या सर्व्हरच्या अंगठ्याचा ठसा. बहुतेक जण न वाचता 'होय' दाबतात. बँकेकडून तो ठसा आधीच लेखी मागवावा आणि अक्षर न् अक्षर जुळवून मगच होकार द्यावा. पाच मिनिटांचे काम आहे.

एएस२ची गोष्ट पोचपावतीची आहे. २००२ मध्ये अमेरिकेतील वॉलमार्टने आपल्या पुरवठादारांशी होणाऱ्या देवाणघेवाणीसाठी ती स्वीकारली आणि किरकोळ व्यापारात तिचा प्रसार झाला. यात फाइलवर पाठवणाऱ्याची डिजिटल सही असते आणि घेणारा सहीसह पोच परत पाठवतो. त्या पोचेत मिळालेल्या मजकुराचा हिशेबी ठसाही असतो. 'तुमचे बीजक मिळालेच नाही' किंवा 'आकडा वेगळा होता' हा वाद तेथेच मिटतो. एसएफटीपीमध्ये अशी सहीची पोच अंगभूत नाही. पण एएस२साठी दोन्ही बाजूंचे सर्व्हर सतत जागे लागतात आणि प्रमाणपत्रांची मुदत सांभाळावी लागते. मोठा खरेदीदार मागणी करत असेल तरच त्या खर्चात पडावे, आणि तेव्हाही एखाद्या सेवादात्यामार्फत.

महिन्याला पाच-दहा फाइली पाठवणाऱ्या पेढीने यांपैकी काहीच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बँकेच्या संकेतस्थळावर लॉगिन करून फाइल चढवणे, एकाने तयार करणे आणि दुसऱ्याने मंजूर करणे, एवढे तिला पुरे आहे. रोजची शेकडो देयके असतील, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून थेट फाइल जाणार असेल, तर एसएफटीपी घ्यावी. व्हॉट्सअॅपवर एक्सेल पाठवून पुढच्याच संदेशात तिचा पासवर्ड पाठवण्याची पद्धत मात्र आजच बंद करावी. पगारपत्रकात कामगारांची खासगी माहिती असते, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न राखल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

वाट कोणतीही निवडा, ती फक्त दोन टोकांमधली सुरक्षा देते. टोकांवर काय घडते याची हमी तिच्यात नाही, आणि बँकेच्या नोकरीत वावरलेल्या माणसाला काळजी टोकांचीच वाटते. सॉफ्टवेअरने फाइल तयार केली आणि ती अर्धा तास सामाईक फोल्डरमध्ये पडून राहिली, असे समजा. ती साधी मजकुराची फाइल असेल तर नोटपॅडमध्ये उघडून एका पुरवठादाराचा खातेक्रमांक बदलायला अर्धे मिनिट पुरते. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये रक्कम खातेक्रमांकावरूनच जमा होऊ शकते. नाव जुळले नाही म्हणून ती थांबेलच असे नाही. बदललेली फाइल मग अत्यंत सुरक्षितपणे बँकेत पोहोचते! म्हणून फाइल तयार होताक्षणीच पीजीपीसारख्या पद्धतीने तिच्यावर सही व्हावी आणि ती गुप्त लिपीत जावी, अशी व्यवस्था बँकेकडे आग्रहाने मागावी. वाटेवरचे कुलूप आणि पेटीचे कुलूप, दोन्ही हवीत.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण २०२३ च्या मे महिन्यातले आहे. मूव्हइट हे फाइल पाठवण्यासाठीच बनवलेले, नावाजलेले सॉफ्टवेअर. त्याच्या वेब-भागातील एका दोषातून चोर आत शिरले आणि सर्व्हरवर साठलेल्या फाइली घेऊन गेले. वेतनाचे काम पाहणाऱ्या एका कंपनीमार्फत ब्रिटिश एअरवेज आणि बीबीसीच्या कर्मचाऱ्यांची माहितीही त्यात गेली. गुप्त लिपीतील वाट कोणी फोडली नव्हती. फाइली मुक्कामावर पडून होत्या. तेव्हा घेतलेली फाइल सर्व्हरवरून किती दिवसांत पुसली जाईल, हे सेवादात्याकडून करारातच लिहून घ्यावे.

घरच्या व्यवस्थेत दोन-तीन गोष्टी पाहाव्यात. खासगी किल्ली कोणत्या संगणकावर आहे आणि तिला स्वतंत्र परवलीचा शब्द आहे ना. हिशेबनीस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी जुनी किल्ली बँकेकडून रद्द करून नवी द्यावी. माणूस कितीही विश्वासू असला तरी. बँक ठरावीक इंटरनेट पत्त्यावरूनच फाइल घेण्याची सोय देत असेल तर स्थिर पत्ता घ्यावा, त्याचा खर्च वाजवी असतो. पुरवठादाराचे खाते बदलल्याची सूचना ई-मेलने आली तर आपल्या वहीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करावा, पत्रातल्या क्रमांकावर नव्हे.

आणि खरी फाइल पाठवण्याआधी बँकेला विचारून एक-एक रुपयाच्या दोन देयकांची चाचणी-फाइल पाठवावी. ती पोहोचली की तीच फाइल, तशीच, पुन्हा पाठवावी. बँकेच्या यंत्रणेने दुसरी फाइल नाकारली तर ठीक. दोन्ही वेळा पैसे गेले, तर शाखेत जाऊन बसावे आणि ते दुरुस्त झाल्याचे लेखी मिळेपर्यंत जुनीच पद्धत चालू ठेवावी.