यमुनाकाठचे शाहजहानाबाद

दिल्लीचा लाल किल्ला पाहावयास जाणारा प्रवासी लाहोरी दरवाजाने आत शिरतो, दिवाण-इ-खास पाहतो आणि परततो. किल्ल्याची पूर्वेकडील बाजू त्याच्या फारशी ध्यानात येत नाही. परंतु १६३९ मध्ये शाहजहानाने किल्ल्याचा पाया घातला, तेव्हा यमुना याच तटाजवळून वाहत होती. बादशाही महाल याच बाजूस ओळीने बांधले गेले. नदीचे पाणी वरच्या अंगाने कालव्यातून आणले होते. ते चांदणी चौकाच्या मधोमध वाहे आणि महालांतूनही खेळे. नदी, कालवा, बाजार आणि किल्ला ही एकाच रचनेची चार अंगे होती.

या नगरीशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी हा किल्ला घेतला व फौजेच्या खर्चासाठी दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरविली. १८०३ मध्ये यमुनेच्या पैलतीरी शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि शहर इंग्रजांच्या हाती गेले.

खरा घाव बसला तो १८५७ नंतर. किल्ल्यातील बहुतेक इमारती आणि भोवतालची दाट वस्ती इंग्रजांनी पाडली. पाठोपाठ शहरातून आगगाडी गेली. पुढे चांदणी चौकातील कालवा नाहीसा झाला. यमुना पूर्वेकडे सरकली आणि तिने सोडलेल्या जागेवरून आज मोटारींचा रस्ता जातो.

२००७ मध्ये युनेस्कोने लाल किल्ल्याचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केला. शहराच्या वाट्याला मात्र तो मान आला नाही. शाहजहानाबाद आणि नवी दिल्ली यांचा मिळून पाठविलेला प्रस्ताव केंद्र सरकारने २०१५ मध्ये मागे घेतला. बांधकामावर निर्बंध येतील, ही चिंता त्यामागे होती. दोनच वर्षांनी साबरमतीकाठचे अहमदाबाद भारतातील पहिले जागतिक वारसानगर ठरले.

ही चिंता अगदीच निराधार म्हणता येणार नाही. जेथे माणसे राहतात व व्यापार करतात, तेथे घर वाढविण्याची गरज पडतेच. किल्ला कुलूप लावून राखता येतो. शहर राखावयाचे तर तेथे राहणाऱ्याला जुने घर सांभाळणे परवडले पाहिजे. तसे प्रयत्न तुरळक का होईना, झालेले आहेत. धरमपुऱ्यातील एका जुन्या हवेलीचा जीर्णोद्धार झाला, तिची युनेस्कोच्या २०१७ च्या पारितोषिकांत दखल घेतली गेली. २०२१ मध्ये नव्याने बांधून काढलेला चांदणी चौकातील मुख्य रस्ता दिवसा मोटार वाहनांसाठी बंद ठेवण्यात आला.

जुलै २०२३ मध्ये यमुनेचे पाणी दिल्लीत २०८.६६ मीटरपर्यंत चढले. हा तेथील आजवरचा उच्चांक होय. रस्ता बुडाला आणि लाटा पुन्हा लाल किल्ल्याच्या तटाला लागल्या. नगररचनेच्या नकाशातून नदी पुसली गेली असली, तरी नदीने आपली जागा सोडलेली नाही. एखाद्या शहराचे जतन म्हणजे केवळ त्याच्या दगडांचे जतन नव्हे. ज्या पाण्यामुळे ते वसले, त्याच्याशी असलेले नातेही राखावे लागते.