अडीच सेकंदांतला मेंदू

10 सप्टेंबर 2018, डेट्रॉइट. न्यू यॉर्क जेट्सचा सॅम डार्नोल्ड व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमधला आपला पहिला पास टाकायला उभा राहिला. वय 21. सामन्याची पहिलीच खेळी. तो उजवीकडे धावत सुटला आणि धावताधावताच त्यानं चेंडू मैदानाच्या पार दुसऱ्या बाजूला भिरकावला. डेट्रॉइट लायन्सच्या क्वांड्रे डिग्जनं तो मध्येच झेलला आणि 37 यार्ड धावत जाऊन, गोलरेषा ओलांडून टचडाउन केला. कारकिर्दीतल्या पहिल्याच पासवर गुण प्रतिस्पर्ध्याच्या झोळीत!

तो सामना जेट्सनी 48-17 असा जिंकला. डार्नोल्डचे 21 पैकी 16 पास सहकाऱ्यांच्या हाती गेले, दोन टचडाउन झाले. पोरगा थंड डोक्याचा आहे, असं सगळे म्हणू लागले.

तेरा महिन्यांनी, 21 ऑक्टोबर 2019 च्या रात्री, तोच डार्नोल्ड न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध खेळत होता. चार पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले आणि जेट्स 33-0 असे हरले. त्याच्या अंगावर दूरचित्रवाणीचा मायक्रोफोन होता. बाकावर बसून तो म्हणाला की मला भुतं दिसताहेत, आणि हे साऱ्या अमेरिकेनं ऐकलं. त्यानंतर कित्येक महिने त्याची टिंगल झाली. आठच दिवसांपूर्वी याच खेळाडूनं डॅलस काउबॉइजविरुद्ध 338 यार्डांचे पास टाकून सामना जिंकून दिला होता. थंड डोकं ही जन्मजात देणगी असेल, तर ती आठ दिवसांत गेली कुठे?

माझं मत असं की ती देणगी नव्हेच. दडपणाखाली शांत राहणं ही मेंदूची एक अवस्था आहे. ती सराव, वेळ आणि भोवतालची माणसं यांवर उभी असते. नवखा क्वार्टरबॅक, म्हणजे डार्नोल्डसारखा पास टाकणारा खेळाडू, हे तपासून पाहायला फार चांगलं उदाहरण आहे, कारण त्याच्या डोक्यावर काय काय कोसळतं हे सेकंदांत मोजता येतं.

हा खेळ आपल्याकडे फारसा पाहिला जात नाही, म्हणून थोडं सांगतो. हल्ला करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. प्रत्येक खेळी क्वार्टरबॅकपासून सुरू होते. दोन खेळींमधल्या वेळेसाठी 40 सेकंदांचं घड्याळ चालतं. त्या वेळात प्रशिक्षक त्याच्या हेल्मेटमधल्या रेडिओवर खेळी सांगतो, आणि घड्याळात 15 सेकंद उरले की रेडिओ आपोआप बंद होतो. पुढे तो एकटा. डझनभर सांकेतिक शब्दांची ती खेळी त्यानं दहा सहकाऱ्यांना न चुकता सांगायची, समोरच्या अकरा जणांची मांडणी वाचायची, ती फसवी वाटली तर खेळी तिथल्या तिथे बदलायची. मग चेंडू त्याच्या हातात येतो. तिथून सरासरी अडीच ते पावणेतीन सेकंदांत चेंडू हातातून सुटला पाहिजे, कारण सव्वाशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत असतात. ते जमलं की त्याला सॅक म्हणतात. ताशी 140 किलोमीटरचा चेंडू खेळणाऱ्या क्रिकेटपटूला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ मिळतो हे खरं, पण त्याला एकच चेंडू पाहायचा असतो. क्वार्टरबॅकला पाच सहकारी आणि सात-आठ बचावपटू कुठे चाललेत हे पाहायचं असतं, आणि तेही स्वतःच्या अंगावर येणाऱ्या माणसाकडे न पाहता.

डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीला साधी प्रतिक्रिया द्यायलाच माणसाला सुमारे 0.2 सेकंद लागतात. मग अडीच सेकंदांत एवढा विचार होतो कसा? अनुभवी क्वार्टरबॅक विचार करतच नाही, तो ओळखतो. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी 1973 मध्ये बुद्धिबळपटूंवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. खऱ्या डावातली मांडणी काही सेकंद दाखवली तर निष्णात खेळाडू ती जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा मांडतात. सोंगट्या वाटेल तशा विखुरल्या, तर ते नवशिक्यांपेक्षा फारसे सरस ठरत नाहीत. निष्णातांची स्मरणशक्ती दांडगी नसते, त्यांच्या डोक्यात आकृतिबंध साठलेले असतात. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाला 1980 च्या दशकात अग्निशमन दलाच्या प्रमुखांमध्ये हेच आढळलं. पेटत्या इमारतीसमोर ते चार पर्याय तोलत बसत नव्हते. प्रसंग ओळखीचा वाटायचा आणि पहिलीच योग्य कृती सुचायची.

नवख्याकडे हा साठा नसतो. महाविद्यालयात त्यानं पाहिलेले बचाव साधे होते. व्यावसायिक खेळातले बचावपटू चेंडू हलेपर्यंत एक मांडणी दाखवतात आणि हलल्यावर दुसरीच उभी करतात. त्यामुळे अनुभवी खेळाडूला एका नजरेत कळणारी गोष्ट नवख्याला एकेक तुकडा जोडून समजून घ्यावी लागते. हे जोडकाम मेंदूच्या पुढच्या भागात, कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये चालतं. हाच भाग तणावापुढे सर्वांत आधी मान टाकतो.

येल विद्यापीठाच्या एमी आर्नस्टेन यांनी कित्येक वर्षं याच भागाचा अभ्यास केला आहे. तणाव बेताचा असेल तर नॉरअॅड्रेनलिन हे रसायन तिथल्या पेशींचं जाळं घट्ट करतं, लक्ष एकवटतं. तणाव हाताबाहेर गेला की तेच रसायन, डोपामिनच्या जोडीनं, तिथल्या जोडण्या ढिल्या करतं आणि सूत्रं मेंदूच्या जुन्या भागांकडे जातात. अमिग्डला धोका हुंगू लागतो, स्ट्रायटम सवयीचं काम करू लागतो. म्हणजे दडपणाखाली माणूस सवयीकडे पळतो. अनुभवी खेळाडूची सवय हजारो वेळा घोटलेली, याच पातळीवर कमावलेली असते. नवख्याची सवय महाविद्यालयातली असते: गोंधळ झाला की मागे वळायचं, गिरकी घ्यायची, पळत राहायचं आणि काहीतरी चमत्कार घडवायचा. तिथे ते चालतं. इथे मागून येणारा सव्वाशे किलोचा माणूसही तितकाच वेगवान असतो. डार्नोल्डचा तो पहिला पास आठवा. धावत पलीकडे फेकण्याचं धाडस महाविद्यालयात कदाचित खपून गेलं असतं.

यात आणखी एक गुंता आहे. शियान बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये आपल्या ओळखीच्या फुटबॉलच्या खेळाडूंवर प्रयोग केला. चेंडू खुंट्यांमधून नेताना पायाच्या कोणत्या बाजूचा स्पर्श होतोय याकडे लक्ष द्या, असं त्यांना सांगितलं. मुरलेले खेळाडू सरावाच्या पायानं मंदावले, आणि नवशिके उलट सुधारले. हातात बसलेलं कौशल्य पुन्हा उकलून पाहिलं की विस्कटतं, अर्धकच्च्या कौशल्याला मात्र लक्ष लागतं. नवखा क्वार्टरबॅक नेमका या दोन्हींच्या मध्ये असतो. फेक त्याच्या खांद्यात मुरलेली असते, बचाव वाचणं मुरलेलं नसतं. दोन-तीन चुका झाल्या की त्याचं लक्ष समोरच्या बचावावरून उडून स्वतःच्या हाताकडे आणि पायांकडे वळतं. जिथे लक्ष हवं तिथलं निघून जातं, जिथे नको तिथे येऊन बसतं.

आता त्या भुतांकडे येऊ. डार्नोल्डच्या शब्दांची चेष्टा झाली, पण मेंदूविज्ञानाच्या दृष्टीनं त्यानं अगदी अचूक निदान केलं होतं. पेट्रियट्स त्याच्यावर पुन्हा पुन्हा सर्व ताकदीनिशी धावून येत होते. कधी येण्याचा नुसता देखावा करत होते. त्यामुळे हल्ला नसतानाही त्याला तो जाणवू लागला. पडद्यावरचा ठिपका विमानाचा की नुसत्या खळबळीचा, हे ठरवणाऱ्या रडारच्या अभ्यासातून जो संकेत-शोध सिद्धांत पुढे आला, तो हेच सांगतो. खरा धोका हुकण्याची किंमत फार मोठी असेल तर निरीक्षक कसोटी सैल करतो, आणि खोट्या इशाऱ्यांची संख्या वाढते. उत्क्रांतीनं आपल्याला असंच घडवलं आहे. शंभरदा फुकट दचकणं हे एकदा गाफील राहण्यापेक्षा स्वस्त. क्वार्टरबॅकला मात्र दचकण्याची किंमत प्रत्येक वेळी मोजावी लागते. नजर मैदानावरून खाली घसरते, आणि मोकळा असलेला सहकारी दिसतच नाही.

शिवाय हे विसरणं अवघड असतं. भावना तीव्र असताना घडलेली गोष्ट स्मृतीत खोलवर कोरली जाते, हे जेम्स मॅकगॉ यांच्या संशोधनानं दाखवलं. भीतीची आठवण पुसली जात नाही, तिच्यावर ‘इथे आता धोका नाही’ अशी दुसरी आठवण चढवावी लागते. परिस्थिती बदलली की जुनी पुन्हा डोकं वर काढते. ‘मागचं विसर आणि पुढचं खेळ’ हा सल्ला सोपा वाटतो, पण तो पाळायला मेंदूला शेकडो सुरक्षित अनुभव लागतात.

ते मिळाले नाहीत तर काय होतं, हे डेव्हिड कारच्या कारकिर्दीत दिसतं. 2002 मध्ये ह्यूस्टन टेक्सन्स हा संघ नव्यानं उभा राहिला आणि नवख्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत त्यानं सर्वांत आधी कारला निवडलं. त्या एका हंगामात त्याला 76 वेळा सॅक केलं गेलं. हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. पाच हंगामांत आकडा 249 वर गेला आणि संघानं त्याला सोडलं. ‘संकटं माणसाला घडवतात’ हे वाक्य उच्चारण्याआधी मला हा आकडा आठवतो. आपण पेटन मॅनिंगची गोष्ट आवडीनं सांगतो: 1998 च्या पहिल्या हंगामात त्याचे 28 पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले, नवख्यांमधला तो विक्रम, इंडियानापोलिस कोल्ट्सनी फक्त तीन सामने जिंकले, आणि पुढच्याच वर्षी तेरा. ट्रॉय एकमन 1989 मध्ये सुरुवात केलेले अकराच्या अकरा सामने हरला आणि पुढे तीन सुपर बोल, म्हणजे अंतिम सामने, जिंकला. पण या दोघांना चुका करत शिकू देणारे प्रशिक्षक होते आणि पुढे भक्कम संघही उभा राहिला. संकटाचा मारा किती आणि सावरायला अवकाश किती, यावर सगळं ठरतं. अवकाश नसेल तर तोच मारा माणसाला झिजवतो.

दडपणाची तालीम करता येते का? येते. अॅम्स्टरडॅमच्या राउल आउदेयान्स यांनी 2009 मध्ये बास्केटबॉल आणि डार्ट खेळणाऱ्यांवर केलेल्या अभ्यासात, थोडी चिंता निर्माण करून सराव केलेल्यांची कामगिरी पुढे दडपणाखाली टिकली. निवांत वातावरणात सराव केलेल्यांची घसरली. वॉशिंग्टन कमांडर्सच्या जेडन डॅनियल्सनं हेच तत्त्व वेगळ्या रीतीनं वापरलं. लुइझियाना स्टेट विद्यापीठात असतानाच तो आभासी वास्तवाचा चष्मा लावून बचाव वाचायचा, तेही खऱ्या खेळापेक्षा पावणेदोन पट वेगानं. आकृतिबंधांचा साठा त्यानं सॅक न होता, हाडं न मोडता वाढवला. 2024 मध्ये, त्याच्या पहिल्याच हंगामात, आदल्या वर्षी चार सामने जिंकलेल्या संघानं बारा जिंकले. याचं श्रेय एकट्या चष्म्याला नाही, पण मला हा प्रयोग मोलाचा वाटतो. त्याच वर्षी शिकागो बेअर्सच्या केलेब विल्यम्सला 68 वेळा सॅक व्हावं लागलं. काही वेळा संरक्षक कमी पडले, काही वेळा त्यानंच चेंडू फार वेळ धरून ठेवला. दोघंही 2024 च्या निवडीत पहिल्या दोन क्रमांकांवर होते. गुणवत्तेत फार फरक नव्हता, भोवताल मात्र सारखा नव्हता.

बाकीचे उपाय छोटे, पण खरे आहेत. दोन खेळींमध्ये सावकाश, लांब श्वास सोडला की हृदयाचे ठोके उतरतात. छातीतली धडधड भीतीची नसून उत्साहाची आहे असं स्वतःला सांगितल्यानं कामगिरी सुधारते, हे हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 मध्ये गाणं, भाषण आणि गणित यांवरच्या प्रयोगांत दाखवलं. आणि सर्वांत जुना उपाय म्हणजे थांबणं. पॅट्रिक महोम्स 2017 चा जवळजवळ सगळा हंगाम बाकावर बसून अॅलेक्स स्मिथचा खेळ पाहत होता. पुढच्या वर्षी त्यानं 50 टचडाउन पास टाकले.

डार्नोल्डला जेट्सनी 2021 मध्ये सोडलं. मधली वर्षं भटकण्यात गेली, त्यात एक हंगाम सॅन फ्रान्सिस्कोत बहुतेक बाकावर. 2024 मध्ये मिनेसोटा वायकिंग्जकडून खेळताना, चांगल्या संरक्षकांमागे आणि समजूतदार प्रशिक्षकाखाली, त्यानं 35 टचडाउन पास टाकले आणि संघानं 17 पैकी 14 सामने जिंकले. मग जानेवारी 2025 मध्ये बाद फेरीच्या सामन्यात लॉस एंजेलिस रॅम्सनी त्याला नऊ वेळा सॅक केलं आणि वायकिंग्ज 27-9 असे हरले. भित्रा म्हणून हिणवला गेलेला आणि हंगामभर जिंकलेला माणूस एकच होता.

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे बरेच सामने भारतीय वेळेनुसार रविवारी रात्री साडेदहा-साडेअकराला सुरू होतात. तुमचे कुणी नातेवाईक न्यू जर्सीत, जेट्सच्या मैदानाच्या आसपास राहत असतील, तर त्यांच्याकडून नियम समजून घ्या. एखादा नवखा क्वार्टरबॅक खेळत असेल तर चेंडूकडे पाहू नका, त्याच्या पायांकडे पाहा. आजूबाजूला कुणी नसताना ते पाय नाचू लागले, तर त्याला नावं ठेवण्याआधी मागच्या तीन खेळींत त्याला किती सेकंद मिळाले ते मोजा.