बेसबॉलची बॅट : नियम व निवड

बेसबॉलची बॅट गोल असते. अमेरिकेतील व्यावसायिक सामन्यांत ती अखंड लाकडाचीच लागते; व्यास २.६१ इंच व लांबी ४२ इंच ही कमाल मर्यादा होय. मुलांना धातूची हलकी बॅटही चालते. परंतु पोकळ धातूवरून चेंडू वेगाने उसळून समोरून चेंडू टाकणाऱ्या मुलास इजा संभवते. म्हणून ‘लिटल लीग’ या बालसंघटनेने २०१८ पासून अशा बॅटचा जोर लाकडाइतकाच मर्यादित केला.

मंचर परिसरातील शाळांत हा खेळ सुरू करताना शिक्षकांनी विटीदांडूचा दांडू आठवावा. तो मुलाच्या हाताला पेलेल असाच निवडतात. एका हाताने समोर आडवी धरता न येणारी बॅट जड समजावी. तडा गेलेली बॅट खेळातून तत्काळ काढावी.