१० मीटर एअर रायफल : पैसे नेमके कुठे घालायचे?

नवे नेमबाज मित्र रायफलच्या ब्रँडवर तासन्‌तास बोलतात, छऱ्यांबद्दल मात्र क्वचितच कुणी विचारतं. लक्ष्यावरचा दहाचा ठिपका फक्त ०.५ मि.मी.चा असतो! ४.५ मि.मी.च्या छऱ्यांतही डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा बदलतो, आणि प्रत्येक नळीला सगळेच मानवत नाहीत. क्लबच्या रेंजवर रायफल शिकंज्यात घट्ट बसवा, एकेका डब्यातले १०-१० छरे कागदावर मारा. ज्यांची भोकं सगळ्यांत जवळजवळ पडतील, त्याच लॉटचे जास्तीचे डबे घेऊन ठेवा. माझ्या मते याहून फायद्याचा खर्च दुसरा नाही.

मग दस्ता. गालाचा टेकू आणि खांद्याची पट्टी तुमच्या अंगाला जुळवता आली पाहिजे. मान वाकवून नेम धरावा लागत असेल तर महागडी रायफलही व्यर्थ. वजन ५.५ किलोच्या आत, हा स्पर्धेचा नियमच आहे.

जुनी रायफल घेताय? आधी हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. त्याची मुदत जास्तीत जास्त १० वर्षं. ती उलटलेला सिलिंडर कुणी फुकट दिला तरी घेऊ नका.