चाळीस वर्षं उलटली, तरी या सिनेमातला डोंगर बघायला लोक का जातात?

काही सिनेमे लोक गोष्टीसाठी बघतात, काही हिरोसाठी. ‘द मॅन फ्रॉम स्नोई रिव्हर’ हा १९८२ सालचा ऑस्ट्रेलियन सिनेमा मात्र आजही डोंगरासाठी बघितला जातो. धुक्यातली निलगिरीची रानं, खोल दऱ्या आणि त्यातून उधळणारे रानटी घोडे. पण नुसती सुंदर चित्रं एवढी वर्षं लक्षात राहत नाहीत. मग यात वेगळं काय?

गोष्ट काय आहे?

जिम क्रेग हा डोंगरात वाढलेला तरणा पोरगा. बाप अपघातात जातो. तिथली जुनी माणसं त्याला सांगतात, बापाची जागा म्हणून ती आपोआप तुझी होत नाही, इथं राहण्याचा हक्क कमवावा लागतो. जिम खाली सपाटीवर हॅरिसन नावाच्या बड्या पशुपालकाकडं कामाला राहतो. तिथलं एक किमती शिंगरू रानटी घोड्यांच्या कळपात जातं आणि आळ येतो जिमवर. सगळे स्वार कळपामागं निघतात. एका उभ्या उतारापाशी बाकीचे लगाम खेचतात, जिम घोडा तसाच खाली घालतो.

जिम झालेल्या टॉम बर्लिन्सनला आधी घोड्यावर नीट बसताही येत नव्हतं. तो शिकला आणि तो उतार स्वतः उतरला. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, तो उगाच नाही.

लोकांना काय भावलं?

यातला निसर्ग कामाला जुंपलेला आहे. कुरण दिसतं तिथं गुरं वळणारा माणूस दिसतो, रान दिसतं तिथं लाकूड तोडणारा दिसतो. डोंगर देखणा आहे, पण चुकलात तर जीव घेईल, हे सिनेमा विसरू देत नाही. जनावरं राखणाऱ्याला ही भाषा लगेच कळते.

मूळ गोष्ट बँजो पॅटरसन यांच्या १८९० च्या कवितेवरून घेतली आहे. ऑस्ट्रेलियाच्या दहा डॉलरच्या नोटेवर याच कवीचं चित्र आहे. म्हणजे गुरं-घोडे वळणाऱ्यांची गोष्ट सांगणाऱ्याला त्या देशानं नोटेवर जागा दिली.

खोट्या झोपडीची खरी गोष्ट

शूटिंग झालं ते व्हिक्टोरिया राज्यातल्या मॅन्सफिल्ड गावाच्या आसपास. जिमचं घर म्हणून माउंट स्टर्लिंगच्या डोंगरावर लाकडी झोपडी बांधली होती. ती निव्वळ सिनेमासाठी. पण लोक ती बघायला येऊ लागले, कुणी चालत, कुणी घोड्यावर, कुणी जीपनं. डिसेंबर २००६ च्या वणव्यात ती जळाली. ‘सेटच तो, जाऊ दे’ असं कुणी म्हटलं नाही. ती पुन्हा उभी केली. ‘क्रेग्ज हट’ नावानं ती आजही तिथं आहे.

आज तिथं काय चाललंय?

या डोंगरांत पशुपालक पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात गुरं वर चरायला न्यायचे आणि थंडीच्या आधी खाली आणायचे. तिथला उन्हाळा म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. गुरांच्या खुरांनी वरच्या पाणथळ जागा तुडवल्या जातात, झऱ्यांचं नुकसान होतं, असं अभ्यासकांचं म्हणणं. त्यामुळं २००५ मध्ये व्हिक्टोरिया सरकारनं तिथल्या राष्ट्रीय उद्यानातले चराईचे परवाने बंद केले. पशुपालकांनी मोठा विरोध केला. रानटी घोड्यांवरूनही तसाच वाद आहे. एका बाजूला लोकांचं प्रेम, दुसऱ्या बाजूला पाण्याचे उगम. दोन्ही बाजूंचं म्हणणं खोटं नाही.

म्हणून हा सिनेमा तिथल्या लोकांना नुसती करमणूक वाटत नाही. कुरणं आहेत, झोपडी आहे, पण गुरं घेऊन वर जाणारी ती वहिवाट त्या उद्यानात राहिली नाही. ती आता पडद्यावरच बघायची.

बघायचा असेल तर शक्यतो मोबाईलवर नको, घरातल्या टीव्हीवर बघा. तो उतार मोठ्या पडद्यावरच कळतो.