बिअर्डेड ड्रॅगनला कॅल्शियम देताना

बोरिवलीच्या माझ्या दवाखान्यात रक्तदाब तपासून घेताना एका आईने विचारले, "डॉक्टर, मला लिहून दिलेले कॅल्शियम मुलाच्या बिअर्डेड ड्रॅगनला चालेल का? त्याची बोटे थरथरतात." मी माणसांचा डॉक्टर, पण याचे उत्तर मला ठाऊक होते: नाही.

हा सरडा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, कडक उन्हाच्या भागातला. त्वचेवर उन्हातले यूव्हीबी किरण पडले की शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते, आणि ते असेल तरच खाल्लेले कॅल्शियम आतड्यातून नीट शोषले जाते. पेटी खिडकीशी ठेवून भागत नाही, कारण काच हे किरण अडवते. त्यासाठी यूव्हीबी दिवा लागतो. दिवा पेटलेला दिसला तरी काही महिन्यांत त्यातले किरण कमी होतात. तेव्हा मुदत संपली की बदला.

रातकिडे आणि अळ्यांत फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम फारच कमी. मग शरीर हाडांतले कॅल्शियम काढून घेते. जबडा मऊ होतो, पाय वाकतात, अंग थरथरते. लहान मुलांच्या मुडदुसाचाच हा भाऊबंद. म्हणून किड्यांवर फॉस्फरस नसलेली कॅल्शियम पावडर भुरभुरून देतात. पिल्लाला जवळजवळ रोज, मोठ्याला आठवड्यातून काही वेळा. पालक मात्र नको. त्यातले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते.

आपल्या गोळ्यांत बहुधा ड३ मिसळलेले असते, आणि आठवड्याला घ्यायच्या पाकिटात तर ६०,००० युनिट. मोठा ड्रॅगनसुद्धा साधारण अर्ध्या किलोच्या आतच भरतो. त्याला "चिमूटभर" म्हणजे किती, हे घरी मोजता येत नाही. जादा ड जीवनसत्त्व चरबीत साठते, आणि कॅल्शियम मूत्रपिंडात नि रक्तवाहिन्यांत साचू लागते.

थरथर दिसली तर पावडर वाढवत बसू नका, त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. सगळेच सरपटणारे प्राणी पाहत नाहीत, तेव्हा आधी फोन करा. परळच्या बाई साखरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयातही चौकशी करता येईल. जाताना दिव्याचा आणि पावडरच्या डब्याचा फोटो न्या.

आता माझ्या हद्दीतले. हे प्राणी धडधाकट दिसले तरी त्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, त्याची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये घासू नका, पाच वर्षांखालच्या मुलांना हाताळू देऊ नका. घरात कुणाला ताप आणि जुलाब झाले, तर घरी सरडा पाळला आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगा.